संभ्रमाच्या घडीला समाज कुणाकडे पाहतो?

(पुण्यात कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



बोकड खांद्यावर घेऊन निघालेल्या ब्राह्मणाची आणि तीन ठगांची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. पहिला ठग वाटेत भेटतो आणि विचारतो, "महाराज, हे कुत्रे खांद्यावर घेऊन कुठे निघालात?" ब्राह्मण त्याच्यावर रागावतो. थोड्या अंतरावर दुसरा भेटतो आणि तेच विचारतो. आता ब्राह्मण बोकड खाली ठेवतो, नीट निरखून पाहतो, पुन्हा उचलतो. पण मनात शंकेची पाल चुकचुकलेली असते. तिसराही तेच म्हणतो, तेव्हा ब्राह्मण बोकड तिथेच टाकून निघून जातो आणि ठगांची मेजवानी होते.

बालपणी ही गोष्ट ऐकताना ब्राह्मणाच्या भोळेपणाचे हसू येते. विचार केला तर असे दिसते की, त्या ब्राह्मणाने तशी काही फार अविवेकी गोष्ट केलेली नाही. स्वतःचे डोळे एक सांगत आहेत आणि एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या ठिकाणी भेटलेली तीन माणसे दुसरे सांगत आहेत. अशा वेळी आपलीच नजर फसली असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याची चूक पुढची आहे. ती तीन माणसे खरोखरच एकमेकांना अनोळखी आहेत का, हे त्याने तपासले नाही. साक्षीदार तीन होते; साक्ष मात्र एकच होती.

आजच्या विषयाचे सगळे मर्म या एका वाक्यात आहे. योग्य उत्तर ठाऊक नसते तेव्हा माणूस इतरांकडे पाहतो. तो असे का करतो, त्यात शहाणपण किती आणि धोका किती, आणि अशा वेळी संघटित, जागृत म्हणवणाऱ्या माणसांचे कर्तव्य कोणते, याचा विचार आपल्याला करायचा आहे.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. महाभारतातील यक्ष युधिष्ठिराला मार्ग कोणता असे विचारतो, तेव्हा युधिष्ठिर सांगतो की, तर्क कुठेही स्थिरावत नाही, ऋषींची मते निरनिराळी आहेत, म्हणून थोरांनी चोखाळलेली वाट हीच वाट. याच्या उलट टोकाला कालिदास आहे. 'मालविकाग्निमित्र' या नाटकाच्या आरंभीच त्याने बजावले आहे की, जुने तेवढे चांगले असे नसते. जाणते लोक पारखून घेतात आणि अजाण लोक दुसऱ्याच्या बुद्धीने चालतात. ही दोन्ही वचने आपलीच आहेत आणि दोन्ही खरी आहेत. कोणते केव्हा लागू करायचे, एवढाच प्रश्न आहे.

भीड वेगळी, संभ्रम वेगळा

इतरांप्रमाणे वागण्याची दोन कारणे असतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. एक कारण आहे 'लोक काय म्हणतील' हे. दुसरे आहे 'लोकांना ठाऊक असेल' हे. पहिल्यात माणसाला आपले मत असते, पण ते उघड करण्याची भीड वाटते. दुसऱ्यात त्याला स्वतःचे मतच नसते आणि तो ते इतरांकडून उसने घेतो. मॉर्टन डॉइश आणि हॅरॉल्ड जेरार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये हा भेद शास्त्रीय परिभाषेत मांडला. पुण्याला मात्र तो त्याआधी पासष्ट वर्षे अनुभवाने कळला होता.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी शहरातील प्रतिष्ठितांना तिथे निमंत्रित केले होते. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे त्यांत होती. व्याख्यान संपल्यावर मिशनच्या लोकांनी चहा पुढे केला. कुणी तो घेतला, कुणी पेला नुसता हातात धरला, कुणी तसाच ठेवला. पुढे गोपाळरावांनीच उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापवून आणली आणि शहरात गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, ग्रामण्य झाले आणि रानडे व टिळक या दोघांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले.

यात चहा पिण्याने पाप लागते की नाही, याविषयी रानडे यांच्या मनात संभ्रम नव्हता. आपल्यामुळे आप्तस्वकीयांना आणि मित्रांना बहिष्काराचा जाच सोसावा लागू नये, म्हणून त्यांनी प्रायश्चित्त पत्करले आणि त्यासाठी सुधारकांचे बोलही ऐकून घेतले. ही भीड आहे, किंवा सौजन्याने म्हणायचे तर ही समाजाची ओढ आहे. तिच्यामुळे माणसाचे वर्तन बदलते, मत बदलत नाही. संभ्रमातून आलेले अनुकरण याहून खोल जाते. तिथे माणसाचे मतच बदलते आणि ते आपले स्वतःचेच मत होते, असे त्याला पुढेही वाटत राहते.

अंधाऱ्या खोलीतील ठिपका

याचा एक पद्धतशीर प्रयोग मुझफ्फर शेरीफ या तुर्कस्तानात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने केला आणि १९३५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पूर्ण अंधाऱ्या खोलीत दूरवर एक स्थिर प्रकाशबिंदू दाखवला, तर काही वेळाने तो हलतो आहे असा भास होतो. आजूबाजूला मोजण्यासाठी दुसरी खूणच नसल्यामुळे नजरेची फसगत होते. तो किती हलला, असे एकेकट्याला विचारले तेव्हा प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले. काही जणांना एकत्र बसवून मोठ्याने उत्तरे द्यायला सांगितली तेव्हा मात्र उत्तरे हळूहळू जवळ येत एका आकड्याभोवती स्थिरावली. नंतर त्याच माणसांना पुन्हा एकेकटे विचारले, तरी ती त्या गटाच्याच आकड्याला धरून राहिली. कुणी कुणावर सक्ती केली नव्हती. बिंदू तर मुळात हललाच नव्हता.

सॉलोमन ॲश या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात याच्या उलट प्रयोग केला. त्याने रेघांची लांबी ओळखायला सांगितली. उत्तर अगदी स्पष्ट होते. पण खोलीतील इतर सर्व जण आधी ठरवून चुकीचे उत्तर देत. तरीही ज्याची परीक्षा होती त्याची सुमारे दोनतृतीयांश उत्तरे बरोबरच आली आणि सुमारे पाव लोक एकदाही डळमळले नाहीत. म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल तर सामान्य माणूस बऱ्यापैकी ठाम राहतो. त्याचा कणा मोडतो तो अंधारात.

रॉबर्ट बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. प्रश्न सोपा असेल आणि अचूक उत्तराचे महत्त्व वाढवले, तर लोक इतरांचे कमी ऐकतात. पण प्रश्न अवघड असेल आणि अचूकतेचे महत्त्व वाढवले, तर लोक इतरांचे अधिक ऐकतात. एरवी वाटते की, प्रसंग गंभीर असेल तेव्हा माणूस स्वतःच्या बुद्धीने वागेल. प्रत्यक्षात प्रसंग गंभीर आणि धूसर असेल, तर तो शेजाऱ्याच्या बुद्धीने वागतो. आपल्या मुलाबाळांच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा तर फारच.

पुणे, ऑगस्ट २००९

पुणेकरांनी हे उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. या साथीतील हा भारतातला पहिला बळी. जागतिक आरोग्य संघटनेने जून महिन्यातच जागतिक साथ जाहीर केली होती, पण ती तोवर दूरच्या देशांची बातमी होती. एका दिवसात ती गल्लीत आली.

त्यानंतरचे दोन आठवडे आठवावेत. डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयापुढे रांगा लागल्या. त्यांत ताप-खोकला असलेले होते, साधी सर्दी असलेले होते आणि काहीही होत नसलेलेही होते. रांग दिसली म्हणून माणसे रांगेत उभी राहत होती आणि त्यांच्यामुळे वाढलेली रांग पाहून आणखी माणसे येत होती. संसर्गजन्य रोगाच्या भीतीने निरोगी माणसाने रोग्यांच्या गर्दीत तासन्‌तास उभे राहावे, यातली विसंगती रांगेतल्या बहुतेकांच्या ध्यानात आली नाही. औषधांच्या दुकानांतून मास्क दिसेनासे झाले, काळ्या बाजारात त्यांचे भाव चढले. ज्यांना मास्क मिळाले नाहीत त्यांनी हातरुमाल बांधले. कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या खिशात आल्या, रुमालावर नीलगिरीचे तेल आले. शाळा बंद झाल्या, चित्रगृहे बंद झाली.

यातले सारेच चुकीचे होते, असे नाही. गर्दी टाळणे, शिंकताना तोंड झाकणे, हात धुणे यांत शहाणपणच होते. कुणी कुणाला हसण्याचेही कारण नव्हते, कारण जाणकारांनाही त्या क्षणी या विषाणूविषयी सगळे माहीत नव्हते. लक्षात घ्यायची गोष्ट ही की, ज्या शहरात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, १९५२ पासून देशभरातल्या विषाणूंचा अभ्यास जिथे चालतो, त्या शहरातल्या सुशिक्षित माणसालाही सकाळी घराबाहेर पडताना मास्क बांधावा की नाही, हे संस्थेने नव्हे, समोरच्या फ्लॅटमधील कुटुंबाने शिकवले. त्यांनी बांधला म्हणून यांनी बांधला. यांनी बांधलेला पाहून तिसऱ्या मजल्यावरच्यांनी बांधला. प्रत्येकाला वाटले, इतक्या लोकांना काहीतरी ठाऊक असणार. आणि त्यांना काय ठाऊक होते? इतर बांधतात, एवढेच.

पुणे, जुलै १९६१

याहून मोठी परीक्षा पुण्याने त्याआधी दिली होती. १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचे पानशेत धरण नवे होते, मातीचे होते, पुरते पूर्ण झालेले नव्हते आणि त्यात पहिल्यांदाच पाणी साठत होते. धरणाला धोका निर्माण झाल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते वाचवण्याची शर्थ केली. सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे १८७९ पासून उभे असलेले खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि मुठा शहरात शिरली. नारायण, शनिवार, कसबा या पेठा आणि डेक्कन जिमखान्याचा परिसर यांनी जे सोसले, ते पुण्याच्या जुन्या घरांतून आजही सांगितले जाते.

या प्रलयाच्या दोन बाजू आपल्या विषयाशी जोडलेल्या आहेत. पहिली बाजू पाणी येण्यापूर्वीची. नदीचे पाणी चढू लागले तेव्हा अनेक पुणेकर पूर पाहायला पुलांवर आणि काठावर गेले. पावसाळ्यात नदीला पूर येणे आणि तो पाहायला जाणे, यांत शहराला नवे काही नव्हते. धरणाचे काय झाले, याची स्पष्ट आणि वेळेवर सूचना प्रत्येक घरापर्यंत पोहोचली नव्हती. मग पुलावर उभा असलेला माणूस काय करील? तो शेजारी उभ्या असलेल्याकडे पाहील. तो शांत आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही. आणि शेजारचा याच्याकडे पाहून हेच म्हणत असेल. दोघेही आतून साशंक, दोघेही बाहेरून शांत, आणि प्रत्येकाची शांतता दुसऱ्याला खात्रीसारखी वाटते.

अमेरिकेत बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघांनी १९६८ मध्ये नेमका असाच प्रसंग प्रयोगशाळेत उभा केला. खोलीत बसून कागद भरणाऱ्या माणसाच्या समोर भिंतीतून धूर येऊ लागतो. माणूस एकटा असला, तर शंभरातील पंचाहत्तर जणांनी उठून कुणाला तरी सांगितले. सोबत दोन जण स्वस्थ बसून राहिलेले असले, तर शंभरात दहाच जण उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत कागद भरत राहिले. चौकशी केल्यावर त्यांनी सांगितले की, ती वाफ असेल, आग असेल असे वाटले नाही. त्यांना भीती नव्हती असे नव्हे; दोघांचे स्वस्थ बसणे हाच त्यांच्या लेखी पुरावा ठरला होता.

दुसरी बाजू पाणी ओसरल्यानंतरची. चिखल, अंधार, बंद झालेले नळ आणि हरवलेली माणसे अशा अवस्थेत शहर असताना 'पाणी आले, पाणी आले' अशी आवई उठली आणि लोक मिळेल त्या उंच जागेकडे, पर्वतीच्या दिशेने धावत सुटले. दोन्ही धरणे रिकामी झालेली होती; तसा दुसरा लोंढा येण्यासारखे पाणीच मागे उरले नव्हते. तरी माणसे धावली, कारण शेजारची धावत होती. काल काठावर शांत उभे राहायला लावणारी आणि आज डोंगराकडे पळायला लावणारी मनाची रीत एकच होती. काल शेजारी थांबला होता, आज तो पळत होता, एवढाच फरक.

अफवेच्या या स्वभावाचा मूलगामी अभ्यास एका भारतीयाने केला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी त्या काळात पसरलेल्या वदंता गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. भूकंपाचा धक्का जाणवला पण स्वतःचे फारसे नुकसान झाले नाही, अशा लोकांत अमुक तिथीला याहून मोठा धक्का बसणार, अशा भाकितांना ऊत आला होता. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडी कोसळलेल्या भागात पाहणी केली आणि १९५२ मध्ये ती प्रसिद्ध केली. जिथे माणसांनी विनाश प्रत्यक्ष पाहिला होता, तिथे अशा अतिरंजित भाकितांचे पीक आढळले नाही. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध सिद्धांतासाठी या दोन्ही भारतीय अभ्यासांचा आधार घेतला. भीती मनात आहे, पण तिचे कारण डोळ्यांना दिसत नाही, अशा वेळी मन कारण शोधू लागते आणि शेजाऱ्याने सांगितलेले पहिले कारण उचलते, असा त्याचा अर्थ.

पाच भिक्षेकरी आणि दोन साधू

इथवरच्या गोष्टींत धावपळ झाली, पैसा गेला, मनस्ताप झाला. पण ही रीत माणसे मारूही शकते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारा हा समाज. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र फिरत होते. एका लहान मुलीशी बोलताना ते कुणाला तरी दिसले, संशयाचा एक शब्द उच्चारला गेला आणि जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. पाचही जण गेले. ज्यांच्या पूर्वजांनी नाथांचे नाव घराघरांत पोहोचवले, ते आपल्याच धर्मबांधवांच्या हातून मेले.

१६ एप्रिल २०२०. टाळेबंदी चालू होती. जुन्या आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा चालक एका अंत्यविधीसाठी सुरतकडे निघाले होते. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले गावाजवळ रात्री त्यांची गाडी अडवण्यात आली. चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची आवई त्या परिसरात आधीपासून होती. पोलीस तिथे असतानाही त्या तिघांना जमावाने ठार केले. त्या दृश्याने साऱ्या देशाला धक्का बसला. भगवी छाटी पाहिली की हात जोडणाऱ्या या भूमीत ती छाटीसुद्धा त्यांना वाचवू शकली नाही. त्यात चिथावणी कुणाची होती, हा तपासाचा आणि न्यायालयाचा विषय आहे. पण अंधाऱ्या रात्री शेकड्यांनी माणसे कोणत्याही पुराव्याविना एकच गोष्ट खरी मानून चालली, ही गोष्ट समाजाने स्वतःशी विचार करण्याची आहे.

या दोन्ही ठिकाणी त्या बोकडवाल्या ब्राह्मणाचीच कथा घडली, फक्त ठग तीन नव्हते. एकच संदेश वीस गटांतून आला, म्हणून वीस जणांनी सांगितले असे वाटले. सोशल मीडियाच्या काळात ही चूक फार सोपी झाली आहे. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्राने बोटाला आवर घातला. मनाला आवर घालण्याचे काम समाजालाच करावे लागते. आणि इथे स्पष्ट बोलले पाहिजे. चुकीचे संदेश केवळ इतरांच्याच गटांत फिरतात असे नाही. देशभक्तीचे, धर्मरक्षणाचे नाव घेऊन आलेला मजकूरही खोटा असू शकतो. तो आपल्या आवडीचा आहे, हा त्याच्या खरेपणाचा पुरावा नव्हे. उद्या तोच खोटा ठरला, तर आपले खरे म्हणणेही कुणी ऐकून घेणार नाही.

पहिला आवाज

मग मार्ग कोणता? ॲशच्या प्रयोगातच त्याची एक खूण सापडते. सगळे चुकीचे उत्तर देत असताना एकाच माणसाने जरी खरे उत्तर दिले, तरी चुकांचे प्रमाण पाव हिश्श्यावर येत असे. बहुमत फिरवण्याची गरज नव्हती. एक सोबती पुरेसा होता. पुलावर किंवा बाजारात, जमावात, तो एक माणूस कोण होणार, एवढाच प्रश्न असतो.

याचे एक मोठे उदाहरण याच शहरातले आहे. १८७५ पासून चालत आलेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत ८ मे १९७४ रोजी तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांचे सामाजिक समता आणि हिंदू संघटन या विषयावर व्याख्यान झाले. अस्पृश्यतेचा प्रश्न तेव्हा अनेक सुस्थित हिंदू घरांत एका विचित्र धूसर अवस्थेत होता. ती वाईट, असे बहुतेकांना वाटत असे. पण शास्त्रात काही आधार असेल, वाडवडिलांचे काही कारण असेल, असे म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत थांबला होता. देवरसांनी कसलीही आडपडद्याची भाषा न वापरता अस्पृश्यता ही निखालस चूक आहे आणि ती समूळ गेली पाहिजे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. जुने आहे म्हणून ते पूज्य, ही भूमिका त्यांनी नाकारली. त्या एका व्याख्यानाने हजारो स्वयंसेवकांच्या घरांतील अनिश्चितता संपवली. १४ एप्रिल १९८३ रोजी पुण्यात सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली, तिची वाट या व्याख्यानाने मोकळी केली होती.

युधिष्ठिर आणि कालिदास यांची सांगड इथे लागते. थोरांच्या वाटेने जावे हे खरे. पण थोर तो, जो आधी पारखतो आणि मग पाऊल टाकतो. गर्दीत पुढे असलेला प्रत्येक जण थोर नसतो. कदाचित मागच्यांनी ढकलले म्हणून तो पुढे असेल.

शाखेत, वस्तीत, सोसायटीत, कार्यालयात ज्यांच्याकडे लोक पाहतात अशी माणसे इथे बसलेली आहेत. ही प्रतिष्ठा आपण मागितलेली नसेल, पण ती मिळाली आहे. ऐन संकटाच्या घडीला शेजारी आपल्या दाराकडे पाहतो. १९६१ च्या पुरानंतर इतर अनेक संस्थांबरोबर स्वयंसेवकही मदतकार्यात उतरले होते. गाळ उपसणारे हात शहराच्या स्मरणात राहिले. त्याच तोलामोलाचे काम म्हणजे भेदरलेल्या गल्लीत उभे राहून, "थांबा, आधी विचारून घेऊ," असे म्हणणे. त्याला फोटो नाही, सत्कार नाही.

त्यासाठी काही सवयी अंगी बाणवाव्या लागतील. पहिली, किती जण सांगतात हे न मोजता किती जणांनी स्वतः पाहिले, हे मोजणे. 'तुम्ही पाहिले का?' हा एक प्रश्न निम्म्या अफवांचा जीव घेतो. दुसरी, माहीत नसेल तर 'माहीत नाही' असे निःसंकोच म्हणणे. घरातील वडीलधाऱ्याने हे म्हटले, तर मुलांनाही तशी मुभा मिळते. नाहीतर मुले खोटी खात्री शिकतात. तिसरी, मत विचारताना आधी लहानांना बोलू देणे. बैठकीत ज्येष्ठ आधी बोलले, तर नंतरच्या दहा जणांचे मत म्हणजे त्यांचाच प्रतिध्वनी असतो. चौथी, माहितीच्या अधिकृत ठिकाणांशी संकटाआधीच ओळख ठेवणे. महापालिकेचा आपत्ती कक्ष, जवळचे पोलीस ठाणे, ओळखीचा डॉक्टर यांचे क्रमांक घरात लिहून ठेवलेले असावेत. पूर आल्यावर दोर वळायला बसून चालत नाही.

आणि शेवटची गोष्ट. संभ्रमात असलेल्या माणसाचा उपहास करू नये. तो अडाणी असतो असे नाही. बहुतेक वेळा तो आपल्या माणसांची काळजी करणारा असतो. राईनपाड्याच्या बाजारात जमलेल्यांतील अनेकांच्या मनात आपल्या लेकरांचीच काळजी असणार. त्या काळजीला त्या दिवशी खरे सांगणारा, ऐकला जाणारा आवाज मिळाला नाही. तो आवाज पुरवणे हे समाज संघटित करू पाहणाऱ्यांचे काम आहे. हजार माणसे एका दिशेने पळू लागली म्हणून समाज संघटित होत नाही. त्यांच्यातील एक जण थांबून विचारतो आणि बाकीचे त्याचे ऐकण्याइतके त्याला ओळखत असतात, तेव्हा तो संघटित होतो. ही ओळख संकटाच्या दिवशी तयार करता येत नाही. ती रोजच्या सरळ वागण्यातून, एरवीच्या साध्या दिवसांत कमवावी लागते.